दुखापत आणि दोष

माणसाने काय केले याचा हिशेब मांडणे तसे सोपे असते. त्याने काय करायला हवे होते याचा हिशेब मांडू लागलो, की आपण नकळत न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसतो. पहिल्या हिशेबाला आकडे पुरतात. दुसऱ्यात आपल्या अपेक्षा, आपला अपेक्षाभंग आणि पुष्कळदा आपला रागही मिसळतो, आणि ही सारी रक्कम त्या बिचाऱ्याच्या नावे मांडली जाते. शाळेत पहिला येणारा मुलगा पुढे साधा कारकून झाला, तर त्याच्याविषयी आपण ज्या स्वरात बोलतो तो स्वर कधी अप्रामाणिक कारकुनाविषयीही लावत नाही. जणू काही त्याने आपली फसवणूकच केली! त्याने आपल्याला कसले वचन दिले होते? वचन आपणच त्याच्या वतीने परस्पर दिले होते, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी उदाहरण घेत आहे ते आपल्यापासून फार दूरच्या एका खेळाडूचे. दूरचे उदाहरण बरे, कारण तिथे आपले आप्त-परके नसतात आणि मन थोडे थंड राहते. एरिक लिंड्रॉस हे त्याचे नाव. आपल्याकडे ते फारसे कुणाला ठाऊक नसेल. टोरंटोच्या परिसरात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील मुला-नातवंडांना मात्र ते सांगावे लागणार नाही. तो आइस हॉकी खेळे, म्हणजे बर्फावरची हॉकी. आपण ज्या हॉकीवर प्रेम केले तिच्याशी या खेळाचे नाते फार जवळचे नाही. गवताऐवजी सुमारे २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असे बर्फाचे अंगण, चेंडूऐवजी कडक रबराची चकती, पायांत धारदार पात्यांचे बूट, आणि गोलरक्षक धरून एकेका बाजूला सहा खेळाडू. पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळायचे, की लगेच दुसऱ्याला जागा करून द्यायची. सर्वांत मोठा फरक असा, की ज्याच्यापाशी चकती आहे त्याला सबंध अंगाने धडक देणे या खेळात नियमाला धरून आहे. दोन धिप्पाड माणसे बर्फावरून भरधाव येऊन एकमेकांवर आदळतात, आणि प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात. ही एक गोष्ट ध्यानात ठेवल्याखेरीज पुढचे काहीच नीट कळणार नाही.

लिंड्रॉसचा जन्म २८ फेब्रुवारी १९७३ रोजी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, लंडन नावाच्याच शहरात झाला. सहा फूट चार इंच उंची, शंभर किलोंच्या वर वजन, आणि इतक्या अवजड देहात लहानखुऱ्या खेळाडूची चपळाई व हातांची नजाकत. असे मिश्रण त्या खेळाने क्वचितच पाहिले होते. तो पंधरा-सोळा वर्षांचा असतानाच वेन ग्रेट्झकी आणि मारियो लेम्यू यांच्यानंतरचा महापुरुष हाच, असे जाणकार बोलू लागले. १९९१ साली कॅनडा चषकासाठी देशाच्या संघात त्याची निवड झाली तेव्हा त्याचे वय होते अठरा, आणि नॅशनल हॉकी लीग या व्यावसायिक स्पर्धेत तो अद्याप एकही सामना खेळलेला नव्हता. आपण वर म्हटलेले ते वचन लोकांनी त्याच्या वतीने कधीच देऊन टाकले होते.

त्याच्याविषयीचा पहिला राग मात्र खेळामुळे निर्माण झाला नाही. या लीगची रीत अशी, की नव्या खेळाडूंची निवड करताना आदल्या वर्षी मागे पडलेल्या संघाला आधी संधी मिळते. १९९१ साली क्वेबेक नॉर्डिक्स या संघाने पहिलीच निवड म्हणून लिंड्रॉसचे नाव घेतले, आणि या मुलाने तिथे खेळायला साफ नकार दिला. त्याआधी कुमारांच्या स्पर्धेतही सू सेंट मरी या गावच्या संघाला त्याने असाच नकार दिला होता. आपला आक्षेप क्लबच्या मालकाला आहे, गावाला अथवा भाषेला नाही, असे तो पुढे सांगत राहिला. पण फ्रेंच भाषक क्वेबेकमधील लोकांना तो आपल्या अस्मितेचा अपमान वाटला. वडील कार्ल त्याचे व्यवहार पाहत, आई बॉनीही स्पष्ट मते मांडी. त्यामुळे हा मुलगा आईबापांच्या ओंजळीने पाणी पितो, असेही बोलले जाऊ लागले.

या नकाराचे नैतिक मूल्यमापन कसे करावे? अठरा वर्षांच्या तरुणाने आपण कुठे राहावे आणि कुणाची चाकरी करावी हे ठरवू नये, असे आपण दुसऱ्या कोणत्याही व्यवसायात म्हणणार नाही. आपला मुलगा शिकून बाहेर पडला आणि एखाद्या कारखान्याने सांगितले, की पुढची काही वर्षे तू आमच्याकडेच काम करायचे, दुसरीकडे कुणी तुला घेणार नाही, तर आपणच आधी उठून उभे राहू. तेव्हा नकार देण्याचा त्याला अधिकार होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण ज्या व्यवस्थेचा भार इतर सगळी मुले निमूटपणे वाहत होती, त्या भारातून केवळ आपल्या असामान्य गुणांच्या जोरावर तो सुटला, हेही खरे. ज्याला इतकी मागणी नव्हती त्याला असा नकार परवडलाच नसता. तेव्हा क्वेबेकचा राग निराधार नव्हता. फक्त त्याचे वजन एका कोवळ्या खांद्यावर जरा जास्त पडले, इतकेच.

जून १९९२ मध्ये क्वेबेकच्या क्लबने त्याला विकायचे ठरवले, आणि एकाच वेळी दोघांना विकले! फिलाडेल्फिया फ्लायर्स आणि न्यूयॉर्क रेंजर्स, दोन्ही क्लब आपलाच सौदा आधी झाला असे सांगू लागले. अखेर लवाद नेमावा लागला आणि निकाल फिलाडेल्फियाच्या बाजूने लागला. त्या क्लबने मोजलेली किंमत ऐकून आजही थक्क व्हायला होते. पीटर फोर्सबर्ग, माइक रिची, गोलरक्षक रॉन हेक्स्टॉल, स्टीव्ह डुशेन, केरी हफमन, पुढे क्रिस सायमन, शिवाय पहिल्या फेरीतील दोन निवडींचे हक्क आणि दीड कोटी अमेरिकन डॉलर. एका माणसाच्या बदल्यात जवळजवळ एक संघ. या सौद्याने त्याच्या गळ्यात एक तराजू अडकवला आणि तो पुढे कधी उतरला नाही. त्याने गोल केला तरी दुसऱ्या पारड्यात फोर्सबर्ग बसलेला असे.

आता फिलाडेल्फियाला काय मिळाले ते पाहू. संघावरील परिणाम मोजायचा तर तो इथेच मोजायला हवा. १९९० ते १९९४ अशी ओळीने पाच वर्षे हा संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नव्हता. त्यातली शेवटची दोन वर्षे लिंड्रॉस संघात होता, म्हणजे एकट्याने चमत्कार घडला नाही, हे प्रथमच सांगितलेले बरे. १९९४ मध्ये तो कर्णधार झाला. फेब्रुवारी १९९५ मध्ये माँट्रियलहून जॉन लेक्लेर आला, दुसऱ्या बाजूला स्वीडनचा मिकाएल रेनबर्ग होता, आणि या तिघांच्या आघाडीने प्रतिपक्षाची दाणादाण उडवली. लोकांनी तिचे नाव ठेवले ‘लीजन ऑफ डूम’, म्हणजे सर्वनाशाची पलटण. संपामुळे नव्हे, तर मालकांनी टाळेबंदी केल्यामुळे तोकड्या झालेल्या त्या मोसमात लिंड्रॉसने ४६ सामन्यांत ७० गुण मिळवले (गोल आणि गोलाला केलेले साहाय्य मिळून हे गुण मोजतात) आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूचा हार्ट करंडक पटकावला.

पण माझ्या मते त्याच्या मोठेपणाचा अधिक बोलका पुरावा त्याच्या स्वतःच्या आकड्यांत नसून लेक्लेरच्या आकड्यांत आहे. हा माणूस माँट्रियलमध्ये असताना एका मोसमात १९ गोलांच्या वर कधी गेला नव्हता. लिंड्रॉसच्या शेजारी उभा राहिल्यावर त्याने ओळीने तीन मोसमांत ५१, ५० आणि ५१ गोल केले. लेक्लेर गुणवान होताच, त्याचे श्रेय कुणी हिरावून घेऊ नये. तथापि, प्रतिपक्षाचे दोन-दोन रक्षक ज्याला थोपवण्यासाठी धावतात त्याच्या बाजूला मोकळी जागा निर्माण होते, आणि त्या मोकळ्या जागेचा हिशेब कोणत्याही तक्त्यात नोंदला जात नाही. आपल्या घरांतून, संस्थांतून अशी माणसे असतात. त्यांच्यामुळे इतरांची कामे सुकर होतात आणि कार्यवृत्तांतात नाव मात्र इतरांचे येते.

१९९७ साली फ्लायर्स स्टॅन्ले चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचले. बाद फेरीच्या १९ सामन्यांत २६ गुण मिळवून लिंड्रॉस त्या वर्षी सर्वांच्या पुढे होता. अंतिम फेरीत डेट्रॉइटने मात्र सरळ चार सामन्यांत त्यांचा फडशा पाडला. कर्णधाराच्या नावावर एकच गोल, तोही चौथा सामना संपता संपता. हा डाग खरा आहे. तो पुसण्याचा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. त्या फेरीत फिलाडेल्फियाने दोन गोलरक्षक आळीपाळीने वापरून पाहिले आणि दोघेही चालले नाहीत, हेही तितकेच खरे. पण पराभवाला एक चेहरा लागतो, आणि चेहरा म्हणून सहसा सर्वांत उंच माणूसच निवडला जातो.

मग आली दुखण्यांची मालिका. मार्च १९९८ मध्ये पिट्सबर्गच्या डॅरियस कॅस्परायटिसच्या धडकेने त्याच्या मेंदूला जबर धक्का बसला. एप्रिल १९९९ मध्ये नॅशव्हिल येथील सामन्यानंतर त्याच्या छातीत रक्तस्राव होऊन एक फुप्फुस मिटले. हॉटेलच्या खोलीत त्याची ती अवस्था पाहून जोडीदार कीथ जोन्सने धावाधाव केली म्हणून तो वाचला. त्या वेळी क्लबने योग्य काळजी घेतली की नाही यावरून कुटुंब आणि क्लब यांच्यात जाहीर वाद झाला. २००० सालच्या मार्चमध्ये पुन्हा डोक्याला मार बसला. त्रास होत असतानाही तो काही सामने खेळला, आणि पुढे तपासात मेंदूला धक्का बसल्याचे निष्पन्न झाले तेव्हा संघाच्या वैद्यकीय पथकाने ते वेळीच ओळखले नाही असे त्याने उघडपणे सांगितले. परिणाम काय झाला? क्लबचा महाव्यवस्थापक बॉबी क्लार्क याने त्याचे कर्णधारपद काढून घेतले.

इथे आपण आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. बॉबी क्लार्क हा कुणी दुष्ट कारस्थानी माणूस नव्हे. लहानपणापासून मधुमेह असलेला हा माणूस इन्शुलिनच्या आधारावर पंधरा वर्षे हा जीवघेणा खेळ खेळला. १९७४ आणि १९७५ साली त्याच्याच कर्णधारपदाखाली फिलाडेल्फियाने स्टॅन्ले चषक जिंकला. सहनशीलता हेच त्याच्या आयुष्याचे सूत्र होते. (त्याची दुसरी बाजूही आहे: १९७२ साली रशियाविरुद्धच्या मालिकेत त्याने खार्लामोव्ह या तेजस्वी खेळाडूच्या दुखऱ्या घोट्यावर मुद्दाम काठी हाणली होती, आणि कॅनडात पुष्कळांनी ती वर्षानुवर्षे शौर्याच्या खात्यात मांडली.) ज्याने स्वतःचे दुखणे गिळले, त्याला दुसऱ्याने आपले दुखणे बोलून दाखवावे हे सहन होत नाही. असे आपल्याकडेही घडते. बाळंतपणानंतर आठव्या दिवशी विहिरीवर पाणी भरणारी सासू सुनेच्या पाठदुखीकडे ज्या नजरेने पाहते, ती नजर दुष्टपणाची नसते. स्वतः सोसलेल्याची ती घमेंड असते. आपण जे सोसले ते उगाचच सोसले, असे ज्यामुळे सिद्ध होईल ते सत्य मान्य करणे माणसाला फार जड जाते.

मेंदूच्या धक्क्याचे स्वरूपच असे आहे, की त्यात रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. हाड मोडले तर क्ष-किरणांत दिसते. जखम झाली तर रक्त दिसते. कवटीच्या आत मेंदू हिंदकळला, तर नेहमीच्या तपासणीच्या चित्रात बहुधा काहीच आढळत नाही. डोके दुखते, उजेड सोसवत नाही, शब्द आठवत नाहीत, मन उदास होते, आणि हे सगळे त्या माणसाने सांगितले तरच कळते. शिरस्त्राणाने कवटी फुटायची थांबते, पण आतला मेंदू हलायचा थांबत नाही. पहिला धक्का पुरता बरा होण्याआधी दुसरा बसला, तर हानी अधिक होण्याचा धोका असतो. म्हणजे वेळीच सांगणे हाच या दुखण्यावरचा पहिला उपाय, आणि नेमके सांगणे हेच त्या पेशात भ्याडपणाचे लक्षण!

अशा वेळी माणसाच्या शब्दाची किंमत कशावरून ठरते? त्याच्या पूर्वीच्या पतीवरून. लिंड्रॉसची पत क्वेबेकच्या नकारातच खर्च होऊन गेली होती. हट्टी, लाडावलेला, घरच्यांच्या सल्ल्याने चालणारा, अशी त्याची प्रतिमा आधीच तयार होती. त्यामुळे त्याने दुखते म्हटले तेव्हा ऐकणाऱ्यांना ते दुखणे ऐकू आले नाही, जुना हट्टच ऐकू आला. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातील खरा अन्याय हा. एखाद्याच्या स्वभावाविषयी आपले मत प्रतिकूल असू शकते, आणि ते रास्तही असू शकते. पण त्या मताच्या आधारे त्याच्या शरीरातील वेदना खोटी ठरवण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. न आवडणाऱ्या माणसालाही खराखुरा ताप येतो. त्याच्या धाकट्या भावाचे, ब्रेटचे, उदाहरण तर घरातच होते. ब्रेटसुद्धा याच लीगमध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सकडून खेळत असे, आणि मेंदूला बसलेल्या धक्क्यांमुळे १९९६ साली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्याला खेळ सोडावा लागला होता. ज्या आईबापांनी एका मुलाचे हे पाहिले त्यांनी दुसऱ्याच्या बाबतीत आरडाओरड केली, तर तिला लुडबूड म्हणावे की काळजी? आईबाप असलेल्या वाचकांनीच याचे उत्तर द्यावे.

आणि तरीही तो परत आला. मे २००० मध्ये सरावाच्या वेळी आणखी एक आघात होऊनही न्यू जर्सी डेव्हिल्सविरुद्धच्या मालिकेतील सहाव्या सामन्यात तो बर्फावर उतरला आणि त्याने गोलही केला. फ्लायर्स तो सामना हरले. २६ मे रोजी सातवा आणि निर्णायक सामना झाला. पहिल्याच सत्रात चकती घेऊन, मान खाली घालून मध्यभागी घुसत असता न्यू जर्सीचा कर्णधार स्कॉट स्टीव्हन्स याच्या खांद्याची धडक थेट त्याच्या डोक्यावर आदळली. तो अंगण सोडून आधाराने गेला, आणि फिलाडेल्फियासाठी पुन्हा कधीच खेळला नाही. स्टीव्हन्सला शिक्षा झाली नाही, कारण त्या वेळच्या नियमांप्रमाणे ती धडक वैध होती. न्यू जर्सीने चषक जिंकला आणि बाद फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान स्टीव्हन्सला मिळाला.

दुखण्याचे निमित्त करून अंग चोरणारा, असा ज्याचा लौकिक केला गेला, तो माणूस पुरता बरा नसताना निर्णायक सामन्याला उतरला. आता त्याला काय म्हणायचे? काहींनी तेव्हा त्याचे कौतुक केले. मला मात्र ते कौतुक आधीच्या निंदेइतकेच चुकीचे वाटते. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: शरीर उधळून टाकण्यातच पुरुषार्थ आहे ही. त्याने त्या दिवशी खेळायला नको होते, आणि आपण खेळलो नाही तर लोक काय म्हणतील ही चिंता त्याच्या मनात नसती, तर कदाचित तो खेळलाही नसता. मान खाली घालून चकती नेण्याची त्याची सवय हा त्याच्या खेळातला दोष होता, हेही नाकारता येत नाही; आणि आपल्या भरीच्या दिवसांत त्याने स्वतः दिलेल्या धडकांनी इतरही खेळाडू कोसळले होते. तो निष्पाप कोकरू नव्हता. त्याच हिंसेवर पोसलेला, तिच्यात पटाईत झालेला आणि अखेर तिनेच गाठलेला असा तो माणूस. स्टीव्हन्सची कथाही याहून फार निराळी नाही. जानेवारी २००४ नंतर मेंदूच्या धक्क्याच्या त्रासामुळे तोही पुन्हा खेळू शकला नाही.

पुढचा एक सबंध मोसम लिंड्रॉस बाहेर बसला. २००१ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सकडे त्याची बदली झाली. तिथे पहिल्या वर्षी ७२ सामन्यांत ७३ गुण मिळवून त्याने जुनी चुणूक दाखवली. २००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या सुवर्णपदक विजेत्या संघात तो होता. नंतर टोरंटो, नंतर डलास, आणि नोव्हेंबर २००७ मध्ये निवृत्ती. एकूण ७६० सामने, ३७२ गोल, ८६५ गुण. फिलाडेल्फियातील ४८६ सामन्यांत ६५९ गुण, म्हणजे दर तीन सामन्यांना चार. स्टॅन्ले चषक एकही नाही.

मग तो तराजू. क्वेबेकचा संघ १९९५ मध्ये कोलोराडोला हलला आणि त्याने १९९६ व २००१ साली स्टॅन्ले चषक जिंकला. लिंड्रॉसने संघ बुडवला आणि त्याला नाकारणाऱ्यांचे भले झाले, असा सोयीचा धडा पुष्कळांनी यातून काढला. सौदा क्वेबेकच्या बाजूने फायद्याचा ठरला हे उघड आहे. पण १९९६ च्या विजयात गोलरक्षक पॅट्रिक रॉय याचा वाटा फार मोठा होता, आणि तो माँट्रियलहून आणताना जे दिले गेले त्यात जोसलीन तिबो होता. लिंड्रॉसच्या सौद्यात मिळालेल्या हक्कातूनच त्याची निवड झाली होती. म्हणजे एका क्लबच्या कारभाऱ्यांनी मिळालेल्या भांडवलाचा चोख उपयोग केला आणि दुसऱ्या क्लबच्या कारभाऱ्यांना भरवशाचा गोलरक्षक काही मिळवता आला नाही. यात लिंड्रॉसचा दोष शोधायचा तो कुठे? ज्या बाजारात आपली विक्री झाली त्याचा भाव काही त्याने ठरवला नव्हता.

फोर्सबर्गची गंमत याहून मोठी आहे. तोही थोर खेळाडू आणि तोही सतत जायबंदी. ७०८ सामन्यांवर त्याची कारकीर्द थांबली, लिंड्रॉसपेक्षाही कमी. २००१ च्या मे महिन्यात त्याची प्लीहा फुटली, तातडीने शस्त्रक्रिया झाली, आणि कोलोराडोने चषक जिंकला तेव्हाच्या शेवटच्या दोन फेऱ्यांत तो खेळूच शकला नाही. चषकावर त्याचे नाव कोरले गेले, आणि ते योग्यच झाले. पण फोर्सबर्ग गैरहजर असताना त्याचा संघ जिंकतो व त्याला आपण विजेता म्हणतो. लिंड्रॉस जखमी होतो, त्याचा संघ हरतो व त्याला आपण अपुरा म्हणतो. दोघांच्या इस्पितळातल्या खाटांत फरक काय होता?

हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानाच्या दालनात, लिंड्रॉसचा समावेश २०१६ साली झाला; पात्र ठरल्यापासून सहा वर्षांनी. स्टीव्हन्स पात्र होताच पहिल्या फटक्याला, २००७ मध्ये, आत गेला होता. धडक देणाऱ्याला दार ताबडतोब उघडले, धडक खाणाऱ्याला सहा वर्षे उंबऱ्यावर उभे राहावे लागले. दुखापतींमुळे कारकीर्द अपुरी राहिली म्हणून हा विलंब झाला, हे कारण मला पटत नाही. बॉस्टनचा कॅम नीली ७२६ सामने खेळला, ६९४ गुणांवर थांबला, चषक त्यालाही मिळाला नाही, आणि मांडी-गुडघ्याच्या दुखण्यांनी तोही लवकर घरी बसला. त्याला २००५ मध्येच प्रवेश मिळाला. नीली मुकाट्याने सोसणारा म्हणून लाडका होता. त्याचा मान रास्तच आहे. पण लिंड्रॉसच्या मार्गातली अडचण आकड्यांची नव्हती, हे या तुलनेवरून स्पष्ट व्हावे. त्या दालनाच्या निकषांत खेळाबरोबर चारित्र्याचाही उल्लेख आहे. प्रश्न इतकाच, की डॉक्टरांविषयी तक्रार करणे हे चारित्र्याच्या कोणत्या रकान्यात धरले गेले?

काळ मात्र हळूहळू त्याच्या बाजूने बोलू लागला. २००९ नंतर मृत हॉकीपटूंच्या मेंदूंच्या तपासणीत वारंवारच्या आघातांनी होणाऱ्या झिजेच्या खुणा सापडू लागल्या. २०१० साली लीगने, बाजूने बेसावध गाठून डोक्यावर दिलेली धडक नियमबाह्य ठरवली आणि पुढच्याच वर्षी तो नियम अधिक व्यापक केला. फिलाडेल्फियातलाच त्याचा सहकारी कीथ प्रिमो २००६ मध्ये याच कारणाने निवृत्त झाला. २०१८ मध्ये ३०० हून अधिक माजी खेळाडूंनी लावलेला दावा लीगने सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर देऊन मिटवला, दोष मात्र कबूल केला नाही. पैसे देऊन दोष न स्वीकारण्याची ही कायदेशीर कला आपल्या सदसद्विवेकबुद्धीला नेहमीच कोड्यात टाकते. फिलाडेल्फियाने जानेवारी २०१८ मध्ये त्याचा ८८ हा क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला. त्याआधी, २०११ च्या डिसेंबरच्या अखेरच्या दिवशी, जुन्या खेळाडूंच्या प्रदर्शनीय सामन्यात तो पुन्हा फ्लायर्सचा गणवेश घालून खेळला होता, आणि क्लार्कही त्याच संघात होता.

निवृत्त होताना लिंड्रॉसने आपल्या जन्मगावच्या रुग्णालय-संस्थेला पन्नास लाख कॅनेडियन डॉलर दिले. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्याचे दुसरे काम. २०१३ साली ऑन्टारिओमध्ये रोवन स्ट्रिंगर नावाची सतरा वर्षांची मुलगी शाळेच्या संघातून रग्बी खेळताना थोड्या दिवसांच्या अंतराने डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसून दगावली. तिच्या नावाचा कायदा व्हावा म्हणून जे झटले त्यांत लिंड्रॉस होता. जाहीर सभांतून आणि आमदारांच्या भेटी घेऊन त्याने त्याचा पाठपुरावा केला. मार्च २०१८ मध्ये तो कायदा संमत झाला. खेळणाऱ्या मुलांनी, त्यांच्या पालकांनी व प्रशिक्षकांनी या दुखापतीची माहिती दरवर्षी वाचली पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. आणि मेंदूला धक्का बसल्याचा नुसता संशय आला तरी त्या खेळाडूला तात्काळ मैदानाबाहेर काढायचे आहे, मग तो स्वतः मी ठीक आहे असे कितीही सांगत असला तरी.